बैठकीचा प्रश्न

सायकलवर घालायची गादीवाली चड्डी उभ्या माणसाने निवडू नये, असे माझे ठाम मत आहे. सध्या ती सर्रास उभ्यानेच निवडली जाते. दुकानात शिरायचे, टांगलेली चड्डी काढायची, उलटी करून आतली गादी अंगठ्याने दाबायची, "यापेक्षा जाड नाही का?" असे विचारायचे, मग कपडे बदलायच्या खोलीत आरशासमोर ताठ उभे राहून पोट आत ओढायचे, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून पाहायचे, दोन पावले चालायचे, चालताना मांड्यांत काहीतरी अडकल्यासारखे वाटले की तोंड वाकडे करायचे आणि शेवटी किमतीची चिठ्ठी वाचून ते आणखी वाकडे करायचे. या तपासणीत डोळ्याचे मत घेतले जाते, अंगठ्याचे घेतले जाते, पाकिटाचे तर घेतलेच जाते. ज्या भागासाठी खरेदी चालली आहे त्याला मात्र कोणी काही विचारत नाही. निर्णय घेणारा एक आणि भोगणारा दुसरा, ही आपल्या सार्वजनिक जीवनातली जुनी रीत आहे. पण तिथे निदान ती दोन वेगळी माणसे असतात. इथे एकाच माणसाचा वरचा भाग खालच्या भागावर अन्याय करतो आणि त्याचा निवाडा पन्नास-साठ किलोमीटरनंतर, बहुधा खंबाटकीच्या चढावर, होतो.

या अन्यायाला वाचा फुटत नाही ती संकोचामुळे. सायकलवाल्यांचा कंपू रविवारी सकाळी घाटमाथ्यावरच्या टपरीवर पोह्यांच्या बशा घेऊन बसला (खरे तर उभा राहिला, कारण बसायची हौस एव्हाना फिटलेली असते) की गप्पा कशाच्या चालतात? मागच्या चक्राला दात किती, टायरमध्ये हवा किती, फ्रेम कार्बनची की अॅल्युमिनियमची, चढावर नाडीचे ठोके किती झाले. आपल्याला नेमके कुठे दुखते आहे हे कोणी सांगत नाही आणि दुसरा का उभा आहे हे कोणी विचारत नाही. अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर, अशी आपल्याकडे म्हण आहे. सायकलच्या बाबतीत सगळा कंपूच जावई असतो. त्यामुळे गिअरबद्दलचे शहाणपण महिनाभरात साऱ्या गावाला होते, पण चड्डीबद्दलचे शहाणपण प्रत्येकाला स्वतःच्या कातडीवर पहिल्यापासून मिळवावे लागते. आणि कातड्या आता थोड्याथोडक्या राहिलेल्या नाहीत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत पुरे करायचे, अशा बीआरएम नावाच्या राइड पुण्या-मुंबईचे, नाशिकचे लोक हौसेने करतात. आषाढीच्या आधी सायकलवरून पंढरपूर गाठणारे जथे निघतात. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र या महाजन डॉक्टरबंधूंनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पुरी केली आणि २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. हे तिघेही डॉक्टर असावेत हा योगायोग असेल. पण या छंदात डॉक्टर घरातच, किंबहुना स्वतःच असणे सोयीचे पडत असणार यात शंका नाही.

तर प्रश्न हाडांपासून सुरू होतो. माणूस बसतो तेव्हा कंबरेच्या हाडांच्या तळाशी असलेल्या दोन गोलसर टोकांवर त्याचा भार येतो. त्यांना बैठकीची हाडे म्हणू. त्यांच्यातले अंतर साधारणपणे दहा ते चौदा सेंटिमीटर असते; कोणाचे कमी, कोणाचे जास्त, बायकांचे सरासरीने थोडे अधिक. माणसाच्या घेराशी या अंतराचा फारसा संबंध नसतो, त्यामुळे चांगला भरदार गृहस्थ आत अरुंद हाडांचा निघू शकतो आणि काडीपैलवान रुंद हाडांचा. मोजायची रीत सोपी आहे. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा कठीण पाटावर किंवा जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, त्यावर पातळ कपड्यानिशी बसून किंचित पुढे झुकायचे, उठायचे आणि जे दोन खळगे पडले असतील त्यांच्या मध्यांतले अंतर पट्टीने मोजायचे. सोसायटीच्या जिन्यात हा प्रयोग करू नये, एवढीच सूचना. आता मुख्य गुंतागुंत अशी की माणूस सायकलवर खुर्चीसारखा बसत नाही. तो वाकतो. सरळ दांड्याच्या साध्या सायकलवर थोडा, खाली वळलेल्या दांड्याच्या रोड सायकलवर पुष्कळ. जितका वाकावा तितकी कंबर पुढे फिरते आणि भार त्या दोन टोकांवरून निसटून हाडांच्या पुढच्या, निमुळत्या कडांवर आणि मधल्या मऊ भागावर येतो. याच भागातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात, म्हणून तिथे दाब पडला की मुंग्या येतात आणि नंतर मुंग्याही जाणवेनाशा होतात, जे जास्त वाईट. अर्थात ताठ बसणाऱ्याला गादी मागे आणि रुंद हवी, वाकणाऱ्याला ती पुढपर्यंत गेलेली हवी आणि मध्ये तिला मोकळी पन्हळ हवी. म्हणजे चड्डी घेण्याआधी आपण किती वाकतो ते ठरवावे लागते, आणि स्वतःच्या ताठपणाबद्दल कोणाचाच अंदाज बरोबर नसतो.

कपडा शिवणाऱ्याने हा वाकलेला माणूसच डोळ्यापुढे ठेवलेला असतो. चांगली सायकल-चड्डी टेबलावर पसरून पाहिली तर ती सरळ पडतच नाही. पुढचा भाग आखूड, मागचा भाग उंच चढलेला, पायांचे नळे किंचित पुढे वळलेले. कारण वाकल्यावर पोटाकडे कापडाच्या वळ्या पडू नयेत आणि मागे कमरेचा भाग उघडा पडू नये. (मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचाही विचार करायचा असतो.) खांद्यावरून पट्टे जाणारी चड्डी, जिला बिब म्हणतात, ती तर उभ्या माणसाला जवळजवळ शिक्षाच वाटते, पट्टे खांदे खाली ओढतात, माणूस किंचित वाकूनच चालू लागतो. दुकानात गिऱ्हाईक म्हणते, "लहान होते आहे, एक नंबर मोठी द्या." ती दिली की खांदे सुखावतात, आरशातला माणूस प्रसन्न होतो, आणि पुढच्या रविवारी सीटवर बसताच त्या जादा कापडाच्या घड्या नेमक्या मांडी आणि कमरेच्या सांध्यात गोळा होतात. चड्डीने जे दुखणे टाळायचे तेच ती घडी करून आणते. कमरेच्या चड्डीचेही तसेच. उभ्याने सैल आणि सुखद वाटलेली चड्डी म्हणजे पॅडल मारताना गादी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. गादी कातडीला चिकटून राहिली पाहिजे, माणूस हलला की हलली पाहिजे, थांबला की थांबली पाहिजे. म्हणून चड्डी अंगात चढवल्यावर आरशाकडे पाठ करावी, एक पाय स्टुलावर ठेवून कमरेतून पुढे झुकावे, गुडघा छातीकडे आणावा, मग पाय बदलावा. जमल्यास दुकानात स्टँडवर चढवलेल्या सायकलवर पाच मिनिटे बसू द्यायला सांगावे. दुकानदार विचित्र नजरेने पाहील. पाहू द्यावे, तोही उभाच असतो.

आता त्या अंगठ्याकडे वळू, कारण खरी फसवणूक तोच करतो. गादी जितकी जाड आणि जितकी लुसलुशीत तितकी चांगली, हा समज आपल्या मनात इतका खोल आहे की त्याच्याविरुद्ध बोलणे कद्रूपणाचे वाटते. तरी पलंगाच्या गादीच्या बाबतीत आपण हा धडा एव्हाना शिकलो आहोत. तिथे विक्रेता "बत्तीस डेन्सिटी, चाळीस डेन्सिटी" असे मंत्र म्हणतो आणि आपण माना डोलावतो, कारण लुसलुशीत गादी सहा महिन्यांत मध्ये खोलगट होते आणि पाठ धरते हे प्रत्येक घरात कोणाच्या तरी पाठीवरून सिद्ध झालेले असते. चड्डीतल्या फोमलाही घनता असते आणि ती पलंगाच्या गादीपेक्षा कितीतरी जास्त ठेवावी लागते. हाडांखालच्या पट्ट्यात एका घनमीटरला ऐंशी, शंभर, एकशेवीस किलो अशा घनतेचे फोम वापरतात. कारण पलंगावर भार अंगभर पसरतो, इथे तो दोन टोकांवर एकवटतो. मऊ फोमवर ती टोके बसली की ती फोम पार दाबून तळ गाठतात आणि दाबलेला फोम बाजूला न जाता मध्ये, त्याच मऊ भागात, वर येतो. म्हणजे जाड मऊ गादीने हाडांचे रक्षण तर होत नाहीच, शिवाय जिथे काहीच लागायला नको होते तिथे एक उंचवटा तयार होतो. चांगली गादी अंगठ्याला जरा निबर लागते. ती सगळीकडे सारखी नसते. हाडांखाली घट्ट, पुढे पातळ, कडांना उतरत जाऊन कापडाला मिळालेली. अंगठ्याने दाबायची सवय सुटत नसेल तर बोटाच्या पेराचे हाड टेकवून दाबावे आणि पलीकडचा तळहात लागतो का एवढेच पाहावे. लागत असेल तर ती चड्डी रविवारच्या पोह्यांपर्यंत ठीक, पुढे नाही. सीटवर वरून चढवायचे जेलचे जाड कव्हरही याच भ्रमाचे अपत्य. ते अर्ध्या तासापर्यंत सिंहासन वाटते. त्यानंतर ते सीटवर सरकते, माणूस त्याच्यावर सरकतो आणि घाम दोघांमध्ये सरकतो.

पण गादीचाच विचार करत राहिलो तरी आपण चड्डीचे अर्धेच काम पाहिले असे होईल. दाब हा एक शत्रू; त्याहून चिवट शत्रू म्हणजे घासणे. मिनिटाला सत्तर फेऱ्या अशा रमतगमत वेगाने पॅडल मारले तरी तासाला ४,२०० फेऱ्या होतात. दहा तासांच्या राइडमध्ये ४२,०००, आणि प्रत्येक फेरीत मांडीची आतली बाजू सीटच्या नाकाशी एकदा तरी सलगी करते. त्यात घाम, त्यात उष्णता, त्यात एखादी उभारलेली शिवण. प्रथम काचते, मग कातडी सोलवटते, मग एखाद्या केसाच्या मुळाशी जंतू शिरून केसतूड उठते, आणि मग तो माणूस ऑफिसात आठवडाभर उभ्याने काम करतो व सहकाऱ्यांना सांगतो की हल्ली उभ्याने काम करणे आरोग्याला चांगले असते. चड्डीचा इतिहास पाहिला तर हे घासण्याचे दुखणेच तिच्या जन्माचे कारण दिसते. जुने युरोपी शर्यतपटू लोकरीच्या चड्ड्या घालत आणि आत शॅम्वा नावाच्या आल्प्समधल्या रानटी जनावराच्या कातड्याचे मऊ अस्तर लावलेले असे. त्या कातड्यात गादी म्हणावी असे काही नव्हते; होता तो फक्त गुळगुळीतपणा आणि शिवणीचा अभाव. धुतल्यावर ते वाळून कडक होई, मग त्याला मलम चोळून पुन्हा वळणावर आणावे लागे. ड्युपाँट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ साली ताणले जाणारे स्पँडेक्स शोधले, त्यालाच पुढे लायक्रा हे बाजारी नाव मिळाले, १९७०च्या दशकात ते सायकलच्या चड्डीत आले, कातड्याच्या जागी हळूहळू कृत्रिम कापड आले आणि त्याच्या पोटात फोम शिरला. म्हणजे ज्याला आपण चड्डीचा आत्मा समजून अंगठ्याने दाबत बसतो ते या घराण्यात सगळ्यात शेवटी आले आहे.

यातूनच तो नियम निघतो जो महाराष्ट्रातल्या सुसंस्कृत घरात मोठ्याने उच्चारता येत नाही: या चड्डीच्या आत दुसरे काहीही घालायचे नसते. काहीही म्हणजे काहीही. हे ऐकल्यावर मध्यमवर्गीय चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते पाहण्यासारखे असतात. आपल्यावर लहानपणापासून झालेला हा संस्कार इतका पक्का आहे की माणूस हजारो रुपयांची, एकही शिवण नको तिथे येऊ नये म्हणून खटाटोप करून शिवलेली चड्डी घेतो आणि आत सुती अंतर्वस्त्र घालतो, ज्याच्या तिन्ही जाड शिवणी नको तिथेच असतात. सुती कापड घाम पिते आणि धरून ठेवते. ओले सुती कापड कातडीवर घासू लागले की वरच्या गादीने कितीही घनता मिरवली तरी उपयोग शून्य. "पण ते बरे दिसत नाही" या आक्षेपाला माझे उत्तर असे की ते दिसतच नाही. स्वच्छतेचा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याचे उत्तर आत एक थर वाढवणे हे नसून ती चड्डी प्रत्येक राइडनंतर लगेच धुणे हे आहे.

काही मंडळी इथे आजोबांना पुढे करतात. आमचे आजोबा धोतर नेसून सायकल चालवत, त्यांना कुठली आली होती गादीवाली चड्डी! आजोबांचा आदर राखूनही त्यांची सायकल तपासावी लागेल. ती काळी, जड, उंच दांड्याची सायकल माणसाला ताठ बसवत असे, म्हणजे भार बरोबर बैठकीच्या हाडांवर. सीट रुंद आणि चामड्याची, खाली वेटोळी स्प्रिंग. इंग्लंडातली ब्रुक्स ही १८६६ पासूनची कंपनी अजूनही चामड्याच्या सीट करते. त्यांची गंमत अशी की दोन टोकांत ताणलेले चामडे वापरून वापरून मालकाच्या हाडांखाली खळगे धरते, म्हणून तशी सीट उसनी घेण्यात अर्थ नसतो. थोडक्यात, गादी तेव्हाही होती, फक्त ती माणसाला न लावता सायकलला लावलेली होती. शिवाय पेठेतून खडकीच्या कारखान्यापर्यंत जाणारा माणूस एका दमात सात-आठ किलोमीटर जाई आणि पोहोचल्यावर उतरे. त्याला कोणी साताऱ्याला जाऊन परत यायला सांगितले नव्हते. जास्त वाचलेले लोक आजोबांऐवजी शार्ल तेराँ यांना आणतात, ज्यांनी १८९१ साली पहिल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत सुमारे १,२०० किलोमीटर अंतर तीन दिवसांच्या आत, झोपेविना कापले. कापले खरे. पण इतिहासात वेळेची नोंद होते, बसण्याची होत नाही. शर्यतीनंतर ते जेवायला कसे बसले हे त्या नोंदीवरून कळत नाही.

याच्या उलट बाजूचा आक्षेप अधिक वजनदार आहे. जगातली उत्तमोत्तम चड्डी ज्यांना मिळते त्या शर्यतपटूंनाही गळवे होतात, मग आपण कशाला खर्च करा? लुईसाँ बोबे यांनी १९५३, १९५४ आणि १९५५ असा सलग तीनदा टूर द फ्रान्स जिंकला, आणि तिसरा विजय त्यांनी बैठकीच्या जागी झालेल्या गळवांसकट मिळवला. शर्यतीनंतर शस्त्रक्रिया करावी लागली. आयर्लंडचे शॉन केली १९८७ सालच्या स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत आघाडीवर होते, शेवट अगदी जवळ आला होता आणि एका गळवाने त्यांना उतरवले. जिंकले कोलंबियाचे लुइस हेरेरा. म्हणजे मोठ्या शर्यतीचा निकाल त्या एका जागेने फिरवला आहे, ही गोष्ट मी आक्षेपापेक्षा पुरावा म्हणून जास्त मोलाची मानतो. ही माणसे तीन आठवडे जवळजवळ रोज दीडशे-दोनशे किलोमीटर चालवतात, आदल्या दिवशीचे सोलवटलेले भरून यायला त्यांना रात्रच मिळते. चड्डी दुखणे पुढे ढकलते, नाहीसे करत नाही, एवढे मी कबूल करतो. आपल्यासारख्याला ते पुढे ढकलून राइडच्या शेवटाच्या पलीकडे नेले की काम झाले. आणि काही दुखण्यांत चड्डी निर्दोष असते. सीट गरजेपेक्षा उंच असेल तर प्रत्येक फेरीला कंबर डावी-उजवीकडे झोले खाते आणि घासते. सीटचे नाक वर उचललेले असेल तर मुंग्या येतात. सीटच हाडांपेक्षा अरुंद असेल तर कोणतीही चड्डी तिला रुंद करू शकत नाही. पॅडल खाली गेल्यावर गुडघ्यात थोडा बाक राहतो का, हे पाहायला फुकटात जमते; दोन चड्ड्या बदलण्याआधी ते पाहावे. "शरीराला सवय होते" असे सांगणारेही अर्धे बरोबर असतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याची हाडांवरची दुखरी जाणीव काही आठवड्यांत कमी होते. सोलवटण्याची सवय मात्र कातडीला होत नाही. सोसण्याला आपल्याकडे फार मान आहे, पण सोसायलाही काही फलप्राप्ती असावी.

राहिली लाज. घट्ट, काळी, चकचकीत चड्डी घालून सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरणे, आणि आत भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या काकूंनी एकदम वरच्या आकड्यांकडे पाहू लागणे, हा प्रसंग पहाटे पाचला निघण्याचे एक प्रमुख कारण असावा असा मला संशय आहे. या आक्षेपाला मी हसत नाही. कपडा आपण घालतो तसा लोकांनाही तो पाहावा लागतो. पण उपाय आहे. वरून एक सैलशी अर्धी चड्डी घालावी, किंवा आत घालायची जाळीदार गादीवाली पातळ चड्डी मिळते ती घ्यावी आणि वर नेहमीचे कपडे घालावेत. वरची सैल चड्डी सीटच्या नाकात अडकणार नाही एवढे बघितले की कातडीला काही फरक पडत नाही, कारण कातडीचा संबंध आतल्या थराशी. बायकांच्या अडचणी याहून खऱ्या आहेत आणि त्यांच्यावर कमी बोलले जाते. त्यांच्या हाडांतले सरासरी अंतर जास्त, म्हणून गादी मागे रुंद आणि पुढे आखूड हवी. पुरुषांच्या मापाची लहान नंबरची चड्डी हे त्याचे उत्तर नव्हे, तरी दुकानात पुष्कळदा तेच उत्तर दिले जाते. बिबचे पट्टे उतरवायला वरचा शर्ट काढावा लागतो, आणि आपल्या महामार्गांवर स्वच्छ, दाराला कडी असलेले स्वच्छतागृह शोधणे हेच एक स्वतंत्र बीआरएम असते. मागून सुटी होणारी बिब आता मिळते. ती मिळत नसेल तर बायकांनी सरळ कमरेची, रुंद पट्ट्याची चड्डी घ्यावी आणि बिबवाल्या पुरुषांची भाषणे ऐकू नयेत.

किमतीबद्दल थोडक्यात. हजाराच्या आसपासपासून दहा हजारांच्या पलीकडेपर्यंत चड्ड्या मिळतात. अगदी स्वस्तात फोम मऊ आणि शिवणी जाड असतात, हे उलटी करून पाहिले की लगेच दिसते. मधल्या किमतीत हाडांखालचा फोम घट्ट येतो, शिवणी सपाट होतात, मांडीवरचा पट्टा न काचता धरतो. त्याच्या वर जे पैसे जातात ते थोडे हलक्या कापडाला, थोडे इटलीला आणि बरेचसे छापलेल्या नावाला. दहा हजारांची एक घेण्यापेक्षा मधल्या किमतीच्या दोन घ्याव्यात, कारण पावसाळ्यात गादी दोन-दोन दिवस वाळत नाही, कोकणात त्याहून जास्त, आणि अर्धवट ओली चड्डी घालून निघणे म्हणजे केसतुडाला आवतण. धुताना उलटी करावी, सौम्य साबण वापरावा, कापड मऊ करणारे सुगंधी द्रव घालू नये, कारण ते घाम वाहून नेणाऱ्या धाग्यांवर थर धरते. पिळू नये, गादी वर ठेवून सावलीत वाळवावी. गॅलरीत ती गादी शेजाऱ्यांच्या बाजूला करून टांगायची की घराच्या, याबाबत प्रत्येक कुटुंबाने आपापसात ठरवावे.

आणि ती कधी टाकायची, हेही उभ्याने कळत नाही. फोम हळूहळू बसत जातो, तो दोष हाडांना जाणवतो. पण कापड मागच्या बाजूला झिजून विरळ होते आणि ताणले गेले की पारदर्शक होते, तो दोष मालकाला कधीच जाणवत नाही. आरशासमोर ताठ उभे राहून मान कितीही वळवली तरी कापड ताणलेले नसल्याने सगळे काळेभोर आणि सभ्य दिसते. तो सायकलवर वाकतो तेव्हा कापड ताणले जाते, आणि तेव्हा मागे असतो कंपूतला दुसरा सायकलवाला, जो काही बोलत नाही, फक्त अंतर वाढवतो किंवा एकाएकी जोर करून पुढे निघून जातो. अशा रीतीने बरोबरीचे सगळेच हल्ली आपल्याला मागे टाकू लागले असतील तर दोष तयारीचा नसण्याची शक्यता आहे. घरी चड्डीत हात घालून, कापड ताणून ते खिडकीच्या उजेडासमोर धरावे. बोटे मोजता आली तर तिचे आयुष्य संपले. एरवी जुन्या कपड्याला आपल्याकडे फडके म्हणून दुसरा जन्म मिळतो, पण हे कापड पाणी पितच नाही, त्यामुळे तीही सोय नाही. फार तर साखळीचे काळे तेल पुसायला घ्यावी, आणि पुसून झाल्यावर धुवायला अजिबात टाकू नये, कारण काटकसरी घरात धुतलेली चड्डी घडी होऊन परत कपाटात जाते.